हळदीच्या दुकानातली कावीळ

अक्का,

पित्तनलिका हा शब्द तुझ्या तोंडून मी कधी ऐकला नाही. महिनाभरापूर्वी तो माझ्याही तोंडात नव्हता. आता मात्र त्या नळीवर कुणी परीक्षा घेतली तर मी पहिल्या नंबरानं पास होईन. जाडी शाळेतल्या पेन्सिलीएवढी, लांबी चार बोटं. यकृतातलं पित्त घेऊन ती खाली येते, स्वादुपिंडाला चिकटून जाते आणि आतड्यात उघडते. एवढ्याशा नळीत काय काय अडकू शकतं ते मला तोंडपाठ झालंय. तुझा धाकटा भाऊ मॅट्रिकला शास्त्रात दोनदा नापास झाला होता, आठवतंय ना? तोच हा.

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. तेरावं झालं, मिरजेचे आणि निपाणीचे पाहुणे आपापल्या घरी गेले. सुमा बेळगावला कामावर हजर झाली आणि आज, रविवारी, परत येतेय. तुझी मुलगी नुसती रडत बसणारी नव्हे. ती एक अर्ज घेऊन येतेय, चार महिन्यांपूर्वी तुझं पित्ताशय काढणाऱ्या डॉक्टरांविरुद्ध. त्यांच्या हातून आत काहीतरी चुकलं आणि त्यामुळे तू गेलीस, असं तिचं म्हणणं आहे. दोन्ही दवाखान्यांत तुझ्याजवळ मी होतो, म्हणून अर्जावर माझी सही हवी. काल तिनं तो फोनवर वाचून दाखवला. त्यात एक वाक्य आहे, की दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवसापर्यंत तुला कसलाही त्रास नव्हता.

ते वाक्य तिनं माझ्याकडून घेतलंय. तुला शेवटचं घरी आणलं त्या दिवशी तिनं मला धरून विचारलं, "मामा, कधीपासून होतं हे?" मी म्हणालो, "दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवसापासून ग. एकाएकीच झालं सगळं." ते साफ खोटं आहे, अक्का. तुला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. दुकानात कामाला येणाऱ्या यल्लव्वाला थोडं ठाऊक आहे, पण ती बोलणार नाही.

तिची बस दुपारी पोचेल. तोवर काय ते ठरवायला हवं. दुकान बंदच आहे. शकू दोनदा चहा ठेवून गेली, बायको असून एका शब्दानं बोलली नाही, आणि दोन्ही चहा निवून गेले. म्हणून तुझ्याशी बोलतोय. एरवी आपलं बोलणं म्हणजे भांडणच असायचं, तसंच आजही होईल.

दुकानाबद्दल तुला काय सांगायचं? पण मी स्वतःलाच पुन्हा सांगतोय, कारण सगळं तिथूनच झालं. पुढे दुकान, मागे कांडप. एका यंत्रात तिखट, दुसऱ्यात हळद, मध्ये काही नाही. "मधी एक भिंत घाल की रे, सगळ्यांच्या छातीत जातंय," हे तू किती वर्षं म्हणत होतीस. "जागा कुठाय?" हे मी किती वर्षं म्हणत होतो. आजोबा सांगलीहून हळद घेऊन हुबळीत आले आणि इथलेच झाले, तेव्हापासून आपल्या घरात सगळं पिवळं. नखं पिवळी, सदऱ्याच्या कॉलरी पिवळ्या, दारामागचा टॉवेल पिवळा. लॅमिंग्टन रोडच्या शाळेत पोरं मला 'अरिशिना' म्हणून हाका मारायची, कानडीत हळद म्हणून. एकाच्या डोक्यात तू पाटी घातलीस. पाटी फुटली, पोरगं शाबूत राहिलं आणि मार मात्र अप्पांनी मला दिला.

मग लग्न होऊन तू गेलीस आणि सहा वर्षांत परत आलीस. भावजी गेलेले, कडेवर दीड वर्षाची सुमा. मी तेवीस वर्षांचा होतो. तुझ्याशी काय बोलायचं ते कळत नव्हतं, म्हणून मी दिवसभर पोती रचत राहायचो. आत्या माजघरातून सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "आता हिनं हळदीला हात लावायचा नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी तू कांडपात गेलीस आणि हळदीच्या यंत्रापाशी बसलीस. संध्याकाळी कोपरापर्यंत पिवळी झालेली तू आत्यासमोर जाऊन म्हणालीस, "चहा घेणार काय, आत्या? का ह्या हाताचा चालत नाही?" आत्यानं चहा घेतला. तुझ्या त्या पिवळ्या हातांचा मला त्या दिवसापासून एवढा अभिमान वाटत आला, की त्यांच्याकडे मी पुन्हा कधी निरखून बघितलंच नाही.

तू मात्र सगळ्यांना बघायचीस. मला विषमज्वर झाला होता तेव्हा एकवीस दिवस तू उशाशी होतीस, आणि रोज सकाळी अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढून आत बघायचीस. ती खोड तुला कायमची लागली. कामाला येणारी बाई जरा सुकलेली दिसली की धर तिला आणि बघ डोळे. "रक्त नाही हिच्यात, हिला खजूर दे रे चार," असं म्हणून गल्ल्यावर बसलेल्या मला हुकूम. मी कुरकुरायचो. दवाखाना काढलाय काय इथं, असं म्हणायचो. खरं सांगू? ते मला फार आवडायचं. सांगायचं राहून गेलं.

दिवाळीनंतर तुझं पोट दुखायला लागलं. जेवलीस की उजव्या बरगडीखाली कळ यायची, पाठीपर्यंत जायची. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. तू म्हणालीस, "असू देत की. दाताखाली तर येत नाहीत." मी म्हणालो, काढून टाकू. तू म्हणालीस, "देवानं दिलेला अवयव काढून टाकायचा म्हणजे काय रे? दुकानातलं फाटकं पोतं आहे होय ते?" तीन आठवडे आपण त्यावर भांडलो. शकू आपल्यामध्ये जेवणाची ताटं ठेवायची आणि निघून जायची. शेवटी मी जिंकलो. दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली, पोटावर चार बारीक भोकं, तिसऱ्या दिवशी घरी. तू पायरी चढताना म्हणालीस, "बरं वाटतंय रे. उगाच घाबरत होते." मी आठवडाभर बाजारात ज्याला त्याला सांगत होतो, आमच्या अक्काचं ऑपरेशन मी करवलं म्हणून. कुठल्या तोऱ्यात होतो मी!

आणि मग हंगाम आला. वर्षाचं तिखट कांडून घ्यायला बायका सकाळपासून रांग लावतात, उन्हाळ्याचे ते दोन महिने आपण माणसं नसतोच, नुसते हात असतो. त्यात तुझी खाज सुरू झाली. "अंग खाजतंय रे बाळू," तू म्हणालीस. मी म्हणालो, "तिखटाच्या दुकानात अंग खाजणार नाही तर काय गुदगुल्या होणार?" तू हसलीस. दुसऱ्या दिवशी म्हणालीस, हातापायाचे तळवे खाजतात, झोप लागत नाही, ओलं फडकं गुंडाळून पडते. मी म्हणालो, खोबरेल लाव. तळपायाला तिखट कसं लागेल, तू तर दिवसभर चपला घालून असायचीस, हे मला सुचलं नाही. एवढ्या साध्या गोष्टीला शास्त्रात पास व्हावं लागत नाही.

यल्लव्वानं आधी ओळखलं. अळणावरकडच्या खेड्यातून हंगामापुरती येणारी, अंगठा उठवणारी बाई. मला बाजूला घेऊन म्हणाली, "अण्णार, अक्कांचं डोळं बगा की जरा. पिवळंजर्द झाल्यात. आमच्या गावात काविळीचा पाला देत्यात, आणू काय?"

मी म्हणालो, "तुझ्या गावचा पाला तुझ्या म्हशीला घाल. हळदीच्या दुकानात पिवळं दिसणार नाही तर काय निळं दिसणार?"

ती जाता जाता म्हणाली, "हळद हाताला लागतीया अण्णार. डोळ्यात कशी बसंल?"

मी तिला कामाला लाग म्हणून ओरडलो. पालापाचोळ्याच्या नादाला लागणाऱ्यांपैकी मी नव्हतो ना. मी सुधारलेला. ऑपरेशन करवून आणणारा. तिच्या पाल्याचा उपयोग झाला नसता हे खरं आहे, नळीतला अडथळा पाल्यानं जात नाही. पण तिनं रोग ओळखला होता आणि मी रोगच नाही म्हणत होतो.

आता ती दुपार. मी अमरगोळच्या मार्केट यार्डातून मिरची घेऊन आलो होतो. हमाल पोती उतरवत होते, गिऱ्हाईक दारापर्यंत. तू कांडपातून बाहेर आलीस, पदरानं हात पुसलेस. "बाळू, माझे डोळे बघ रे जरा. मोतीबिंदूनं मला आरशात सगळंच पिवळं दिसतंय, काही कळंना झालंय."

शकूला मी सांगितलं की हो, अक्का एकदा डोळ्यांचं काहीतरी म्हणाली होती, पण माझं लक्ष नव्हतं. तेही खोटं. माझं लक्ष होतं. दारात ऊन होतं. तू अंगठ्यानं पापणी खाली ओढून धरलीस, उन्हाकडे तोंड केलंस, आणि मी वाकून बघितलं. पिवळे होते, अक्का. पांढऱ्याचा ठिपका राहिला नव्हता. त्याच क्षणी आतून कुणीतरी ओरडलं, "अक्का, गरम मसाल्यात लवंग किती घालायची?"

मी म्हणालो, "हळद गेलीय डोळ्यात. पाणी मार. एवढा हंगाम संपू दे, मग दाखवून आणू."

तू म्हणालीस, "होय की, हळदच असंल," आणि आत गेलीस. लवंग किती ते सांगायला.

का असं केलं मी? हे सोळा दिवस मी दुसरं काही करत नाहीये, हेच विचारतोय. हंगाम पंधरा दिवसांत आटपणार होता. तुझ्याशिवाय कांडपाचं पान हलत नाही. बायका येतात त्या तुझ्यासाठी, कुणाच्या घरी किती तिखट चालतं, कुणाच्या सासऱ्याला मूळव्याध आहे, हे तुझ्या डोक्यात. तू आठ दिवस दवाखान्यात गेलीस तर मी काय करणार, हा विचार माझ्या मनात आला. तुझ्या डोळ्यांत बघत असताना आला. एवढंच कारण आहे. मी याहून बरं कारण शोधतोय आणि मला ते मिळत नाहीये.

त्यानंतर बारा दिवस. बारा दिवस तू माझ्यासमोर वावरत होतीस आणि मी तुझ्या तोंडाकडे बघायचं टाळत होतो. तू जेवण टाकलंस, मी म्हणालो उन्हाळा आहे. तू बसून चाळणी धरायला लागलीस, मी म्हणालो वय झालं तुझं, बस निवांत. बाराव्या दिवशी सकाळी, दुकानात पंखा लावून सगळे घामानं निथळत असताना, तू थंडीनं कुडकुडायला लागलीस. दात वाजत होते. यल्लव्वानं रिकामी पोती तुझ्या अंगावर टाकली आणि माझ्याकडे बघितलं. तिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं.

गाडीनं धारवाडकडे निघालो. रायापूर मागं टाकलं तेव्हा तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "शकूला फोन कर. यल्लव्वाला आज चहा द्यायचा राहिला." त्यानंतर तू जे बोललीस ते तापातलं होतं.

तिथल्या डॉक्टर तरुण होत्या, पोटातल्या नळ्यांचंच काम करणाऱ्या. त्यांनी विचारलं, किती दिवस झाले पिवळं होऊन? मी म्हणालो, दोन. त्यांनी रक्ताचा कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "येरडु दिनद्दल्लरी इदु." हे दोन दिवसांचं नव्हे. मी मान खाली घातली आणि तेच पुन्हा म्हणालो, दोन दिवस.

मग त्यांनी कागदाच्या पाठीवर ती नळी काढून दाखवली. मी विचारलं, पित्ताशय तर काढलंय, मग आता काय अडलं? त्या शांतपणे सांगत गेल्या. पित्ताशय काढलेल्या माणसाची नळी पुढे अडली तर तिला बरीच कारणं असतात म्हणाल्या. एखादा बारीक खडा आधीच पित्ताशयातून घसरून नळीत जाऊन बसलेला असतो, तो महिन्यांनी त्रास देतो. शस्त्रक्रियेत लावलेली चिमटी कधी नळीला धरते. नळीला जखम झाली असेल तर ती भरताना आवळत जाते आणि वाट अरुंद होते. आत पित्त झिरपून साठलं तर बाहेरून दाब येतो. ऑपरेशनशी काही संबंध नसलेली कारणंही असतात, स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ असते, नळीतच गाठ असते, कधी आतड्यातला जंत वर चढून बसतो.

त्या तुला आत घेऊन गेल्या आणि मी बाहेर बाकावर बसून ती कारणं एकेक करून मागत होतो. देवाकडे नवस बोलतात तसा. जंत असू दे, मी म्हणत होतो, जंत असला तर पाण्यावर ढकलता येईल, नगरपालिकेवर ढकलता येईल. मग म्हणालो, गाठ असू दे. अक्का, मी तुझ्यासाठी कॅन्सर मागितला. गाठ असती तर कुणाचाच दोष नसता, सगळे म्हणाले असते नशीब तिचं. मग म्हणालो, चिमटी चुकली असू दे, त्या डॉक्टरांचा हात चुकला असू दे. कुठलंही कारण चालेल, फक्त ज्याला वेळेवर आणलं असतं तर बरं झालं असतं असं कारण नको. तू आत मरत होतीस आणि मी बाहेर स्वतःला सोडवत होतो.

खडाच निघाला. तुरीच्या डाळीएवढा. तोंडातून दुर्बीण घालून त्यांनी नळीपर्यंत हात पोचवला, वाट मोकळी केली, आत पू झाला होता तो वाहता केला. पण तोवर ते विष रक्तात उतरलं होतं. मूत्रपिंडं थांबली. तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. नंतर मीच त्या डॉक्टरांना गाठून विचारलं, लवकर आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, "पहिल्या दोन-चार दिवसांत आणलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं, री." त्या मला रागावल्या नाहीत. मला वाटतं त्यांना सगळं कळलं होतं.

सुमाला मी हे सांगितलं नाही. खडा होता एवढं सांगितलं. तिनं लगेच म्हटलं, मग पहिल्या डॉक्टरनं तो आत ठेवलाच कसा? आणि मला हायसं वाटलं. हो, मला हायसं वाटलं. सहाव्या दिवशी ते डॉक्टर स्वतः घरी आले, दाराशी चपला काढून जमिनीवर बसले. सुमा उठून आत गेली. ते माझ्याकडे बघत होते. त्यांना जे ठाऊक होतं ते त्यांनी चार माणसांत काढलं नाही, नमस्कार करून गेले. मी दारापर्यंतही पोचवायला उठलो नाही. एक सही केली की त्या भल्या माणसाला मी आयुष्यातून उठवणार, आणि मी सुटणार. काल फोन आल्यापासून मी सही करायचीच असं ठरवून बसलोय. आत्तासुद्धा, हे लिहितानासुद्धा, माझा हात सहीच्याच बाजूनं आहे. सुमा हे घर सोडून गेली तर माझं कोण उरतं? मला मूल नाही. तिला अंगाखांद्यावर मी वाढवली. ती मला मामा म्हणते आणि बाप समजते. तेही गेलं तर?

खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला. ती आली वाटतं. थांबतो.

अक्का, तीन तास झाले.

सुमा आली, हातपाय धुतले, शकूनं वाढलेले दोन घास खाल्ले. मग अर्ज माझ्यासमोर ठेवला आणि पेन काढून दिलं. मी पेन हातात घेतलं. त्या खोट्या वाक्यापाशीच माझा हात थांबला असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मी नावाची पहिली दोन अक्षरं लिहिली होती. तेवढ्यात ती म्हणाली, "मामा, तू होतास म्हणून. दुसरं कुणी आईकडं एवढं बघितलं नसतं."

मग माझ्याच्यानं पुढचं अक्षर उमटेना. मी सांगून टाकलं. खाज सांगितली, यल्लव्वा सांगितली, दारातलं ऊन सांगितलं. पिवळे होते हे सांगितलं. हंगाम सांगितला. शकू दारात उभी राहून ऐकत होती. सुमा माझ्याकडे बघत राहिली.  मग तुझ्यासारख्याच आवाजात म्हणाली, "असं झालं तर काय करायचं, हे डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

पित्ताशय काढून तुला घरी सोडलं तो दिवस. तू आत साडी बदलत होतीस, शकू तुझ्या निऱ्या धरत होती. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, तपासणीत नळी मोकळी दिसली आहे, पण एखादा बारीक खडा दिसत नाही आणि महिन्यांनी डोकं काढतो. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, थंडी वाजून ताप आला, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी घेऊन या. "तड माडब्याड्री," उशीर करू नका, असं दोनदा म्हणाले. घरी न्यायच्या कागदावर इंग्रजीत लिहूनही दिलं. आणि म्हणाले, अक्कांनाही नीट समजावून सांगा. मी म्हणालो, सांगतो की.

सुमानं तो कागद मागितला. मी कपाटातून काढून दिला. तिनं तो उभ्यानंच वाचला आणि विचारलं, "म्हणजे आईला हे ठाऊक होतं?"

हाच प्रश्न तिनं विचारू नये म्हणून मी सोळा दिवस जीव मुठीत धरून होतो. आपल्या घरात आजाऱ्याला कोण सांगतं, अक्का? अप्पांच्या घशात कॅन्सर निघाला तेव्हा आपण दोघांनी ठरवलं होतं, सांगायचं नाही. तू त्यांना पित्त झालंय म्हणून सांगायचीस आणि मागच्या अंगणात जाऊन रडायचीस. आईचंही तसंच. डॉक्टरनं घरच्या पुरुषाला बाहेर बोलवायचं, त्यानं खिशात कागद घालून हसत आत यायचं, हीच आपली माया. तू साडी नेसून बाहेर आलीस आणि विचारलंस, "काय म्हणाले रे?" मी म्हणालो, "काही नाही. तेलकट कमी खा म्हणाले."

"नाही," मी सुमाला म्हणालो. "तिला मी सांगितलंच नव्हतं. उगाच घाबरली असती म्हणून."

सुमानं अर्जाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. तो कागद मात्र हातातच ठेवला. "मामा, तू जरा बाहेर जा," ती म्हणाली. मी इथं खाली दुकानाच्या बंद फळीपाशी येऊन बसलोय. वर काय चाललंय ते कळत नाही. रडण्याचा आवाज येत नाही.

तू डोळे दाखवलेस तेव्हा तुला वाटलं, हळद नाही तर साधी कावीळ, चार दिवस पथ्य करू. डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी पोचायचं, एवढं एक वाक्य तुला ठाऊक असतं, तर तू मला विचारायलाच आली नसतीस. चाळणी तिथंच टाकली असतीस, हातसुद्धा न धुता रिक्षा केली असतीस आणि एकटी गेली असतीस. मी दुकानातून ओरडत राहिलो असतो, अक्का, हंगामात कुठं चाललीस म्हणून, आणि तू मागं वळूनही बघितलं नसतंस.